सोलापूरच्या कृत्रिम पावसाच्या प्रयोगात खरंच पाऊस वाढला का? दुष्काळात त्याचा उपयोग होईल का?

हो, वाढला: योग्य ढग मिळाले तिथे सुमारे १८ टक्के. पण दुष्काळावर तो इलाज नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात हा प्रयोग केला; सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं म्हणून जागा ही निवडली. विमानाने ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराईड या क्षाराच्या नळकांड्या पेटवल्या. हवेत धूळ-धूर जास्त असला की ढगात बारीक, एकसारखे थेंब खूप होतात. ते एकमेकांवर आदळून मोठे होत नाहीत आणि ढग न बरसताच विरतो. ओल ओढून घेणारे क्षाराचे मोठे कण टाकले की काही थेंब पटकन फुगतात आणि पडता पडता बाकीच्यांना गिळतात. निवडलेल्या २७६ ढगांपैकी कशात फवारणी करायची आणि कोणते तसेच सोडायचे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. मला यातली हीच गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते, कारण एरवी 'फवारलं आणि पडला' यातून काहीच सिद्ध होत नाही. तो ढग तसाही बरसला असता. मोजणी रडार आणि पर्जन्यमापकांनी झाली.

अट एकच, पण मोठी: ढग किमान किलोमीटरभर जाड आणि वर वाढणारा हवा. ऑगस्टच्या उघडिपीत असे ढग अनेकदा नसतातच, तेव्हा विमान उडवून फक्त इंधन जळतं. आणि १८ टक्के हा आकडा फवारणीच्या क्षेत्रातला, जिल्ह्याच्या वर्षभराच्या पावसाचा नव्हे.