काढून बघ

प्रिय पोरी,

आपल्या ग्रुपच्या प्रदर्शनातून काम मागं घेऊ का, त्याच्या जागी रंकाळ्याचं जलरंगातलं निसर्गचित्र देऊ का, आणि माझं काम 'मिश्र माध्यम' म्हणण्याइतकं मिश्र आहे का, असे तीन प्रश्न तू एका दमात विचारलेस. तिसऱ्याचं उत्तर सापडलं की पहिले दोन आपोआप सुटतील. पण तो तू उलटा विचारला आहेस. माध्यमं किती झाली हे मोजायचं नसतं. चित्रात आलेली प्रत्येक वस्तू तिथे काय काम करते, ते विचारायचं.

तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. प्लायवर २०१९च्या पुरात भिजलेली, गणपतीच्या ऑर्डरींच्या वहीची पानं, त्यावर शाडू, कडेला गोणपाट, वर जरीचे तुकडे आणि कोपऱ्यात मोबाईलचं सर्किट. आता एकेक वस्तू मनातल्या मनात काढून बघ. जरीचे तुकडे काढ. चित्राचं काही अडतं? नाही. सर्किट काढ. उलट बरं वाटतं. गोणपाटही गेलं तरी चालेल. आता वहीची पानं काढून बघ. काहीच उरत नाही! त्या पानांवरून आडवी गेलेली मातकट रेघ पुराच्या पाण्यानं ओढलेली आहे, तशी रेघ तुझ्या किंवा माझ्या ब्रशनं यायची नाही. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला. कुंभार गल्लीत तेव्हा काय झालं ते तुझ्या घरानं भोगलं आहे, मी तुला काय सांगणार? रेघेखाली नावं विरघळली आहेत, रेघेवर ती वाचता येतात. तुझं चित्र ते आहे. शाडूही राहू दे, कारण मूर्ती व्हायची राहून गेलेली माती ती हीच. बाकीचं काढ.

पिकासोनं १९१२मध्ये खुर्चीच्या वेताच्या विणीचं छापील ऑइलक्लॉथ (मेणकापड) चित्रात चिकटवलं आणि भोवती दोर गुंडाळला, तेही याच कसोटीला उतरतं. त्यातलं ऑइलक्लॉथ काढून बघ, खुर्चीच नाहीशी होते. चित्रकार भूपेन खख्खरनं १९६५मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात देवांच्या बाजारू छापील चित्रांची कोलाज लावली. तिथेही ते कागद काढले तर मागे नुसता रंग उरतो. नवीन मुलं बटणं, घड्याळाचे काटे, सुतळी असं काहीबाही चिकटवतात आणि वर सोनेरी फवारा मारतात, तेव्हा मला राग येतो. तुझ्या त्या जरीचाही आला.

चव्हाट्यावर कोणीतरी तुला म्हणालं, 'हे चित्र नव्हे, कोल्हापूरची परंपरा जलरंगाची.' आबालाल रहिमानांच्या जलरंगांपुढे मीही हात जोडतो. पण याच गावात बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले, मूर्ती घडवल्या आणि सिनेमाचा कॅमेराही स्वतः तयार केला. त्यांना कोणी विचारलं होतं का, यातलं तुमचं माध्यम कोणतं? परंपरेचं नाव घेऊन तुला कोपऱ्यात बसवणारा माणूस परंपरा अर्धीच सांगतो.

या बाबतीत ग्रुपमध्ये मला हेकेखोर म्हणतात, हे तुझ्या कानावर आलंच असेल. उद्यमनगरच्या फाउंड्रीत काम करणारा माझा एक मित्र होता. मोल्डिंगची काळी वाळू आणि जळके कोअर (साच्यात घालायचे वाळूचे गाभे) घेऊन तो अशी कामं करायचा की आजही डोळ्यांपुढून जात नाहीत. एका प्रदर्शनात त्याची कामं 'इतर' म्हणून दाराजवळच्या टेबलावर आडवी ठेवली. मी भांडलो, आवाज चढवला, उपयोग झाला नाही. संध्याकाळी त्यानं ती पोत्यात घातली आणि घरी नेली. पुढे त्यानं कधी काही मांडलं नाही. मी कितीदा त्याच्या दारात गेलो, तो चहा पाजायचा आणि विषय बदलायचा. ही खंत जात नाही, आणि जावी असंही मला वाटत नाही. तेव्हापासून मिश्र माध्यमाची कामं जलरंगाच्या, तैलरंगाच्या शेजारी, त्याच भिंतीवर, त्याच उंचीला लागतात. लागणार नसतील तर माझंही काम लागत नाही. याला हेका म्हणायचं तर म्हणू दे. मी तो सोडणार नाही.

आणि समूह प्रदर्शनालाही हीच कसोटी लाव, काढून बघ. 'ग्रुप १८९०' नावाच्या चित्रकारांच्या गटाचं एकच प्रदर्शन झालं, १९६३मध्ये दिल्लीत. बारा जण. त्यात जेराम पटेल लाकूड जाळून काम करायचे आणि आपले अकोल्याचे आंबादास तैलरंगात. एकाची रीत दुसऱ्यासारखी नव्हती, म्हणून तर कोणालाही काढता येत नाही. आता आपल्या यादीतून रंकाळ्याची चित्रं मोज. त्यात तुझा एक रंकाळा आणखी आला काय, गेला काय! वही काढली तर मात्र भिंतीला भोक पडतं. मागं घ्यायचं की नाही याचं उत्तर आलं ना?

आता हाताचं काम. पानं सावलीत पूर्ण वाळव, बुरशी मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशनं झाड. शाई चिकटद्रव्यानं पसरते का, ते आधी सुट्या कोपऱ्यावर बघ. सेलोटेप अजिबात नको, ती पिवळी पडते आणि कागदाला डाग देते. नुसता शाडू उभ्या प्लायवर टिकणार नाही, रिक्षातच तडकेल. कागदाचा लगदा आणि डिंक घालून पातळ थर दे. काच लावणार असशील तर खोल फ्रेम कर, काच मातीला टेकता कामा नये. पाट्यांवर नुसतं 'मिश्र माध्यम' छापून मोकळं व्हायची आपल्याकडे रीत आहे, तू तसं करू नकोस. 'पुरात भिजलेली ऑर्डरची वही, शाडू, प्लाय' असं पूर्ण लिही, आणि तेच मागच्या बाजूलाही पेन्सिलीनं लिहून ठेव.

किंमत विचारली होतीस. घरातली वही आहे, विकायची नसेल तर सरळ 'विक्रीसाठी नाही' लिही. त्यावरून कोणी कुरकुर केली तर त्याला माझ्याकडे पाठव.

तुझा,
काका