माणूस काढलास, पण गिऱ्हाइकांना कळवलंस का?
मुंबईच्या मंगलदास कापड मार्केटात गाळा घेतलास, छान झालं. पण सेल्समन काढलास की त्याच दिवशी सगळ्या गिऱ्हाइकांना कळव, व्हॉट्सॲपवर का होईना. मी आळस केला. काढलेल्या पठ्ठ्याने आमच्याच बिलबुकावर एका गिऱ्हाइकाला चाळीस तागे द्यायचं कबूल केलं आणि ॲडव्हान्स घेऊन पसार! वकील म्हणाले, निस्तरा. करार कायदा १८७२, कलम २०८: अधिकार काढल्याचं समोरच्याला कळेपर्यंत त्याच्यापुरता तो तुमचाच एजंट. माल नाही दिला तर कलम ७३ ची भरपाई, म्हणजे साधारण ठरलेला भाव आणि बाजारभाव यांतला फरक. गिऱ्हाइकाच्या स्वप्नातला नफा नव्हे. तू स्वतः दुसऱ्यासाठी सही करशील तेव्हा 'अमुक यांच्यातर्फे' लिही. मालकाचं नाव झाकलंस तर कलम २३० मुळे तुलाच धरतील. आणि हो, बिलबुक आधी काढून घे, हिशेब मग कर.