ज्यू धर्मशास्त्र बदलतं का? बदलतं, पण नियम न खोडता

प्रश्न होता की तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, देवाने दिलेली मानतात तर तिच्यातले नियम बदलतात कसे, आणि आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांचा, म्हणजे मराठी ज्यूंचा, मलिदा हा ताट मांडून करायचा विधी त्यात बसतो का.

माझं ठाम मत, मूळ नियमाला कोणी हात लावत नाही, रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, त्या नियमाच्या आतूनच वाट काढतात. हिलेल या जुन्या रब्बींचं बघा. दर सातव्या वर्षी कर्ज माफ असं तोरात आहे, हेतू गरिबाला सोडवायचा, पण झालं उलटंच, सातवं वर्ष जवळ आलं की त्याला उसने पैसे द्यायलाच कोणी तयार होईना. म्हणून हिलेलने प्रोझबुल काढला, म्हणजे देणाऱ्याने वसुली आधीच लेखी न्यायालयाकडे सोपवायची, तशी सोपवलेली कर्जं माफ होत नाहीत.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं तेव्हा तर रोजचे बळीच बंद पडले. मग सकाळ-दुपारच्या बळींच्या जागी त्याच वेळांच्या प्रार्थना धरल्या. तालमुद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथातला यावने गावचा एक प्रसंग मला फार आवडतो. रोश हशाना, म्हणजे ज्यूंचं नवं वर्ष, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आलं की शोफार हे शिंग मंदिरात फुंकायचे, बाहेरगावी नाही. आता मंदिरच नाही, तर रब्बी योहानान बेन झक्काय म्हणाले इथे यावनेत फुंकूया. बाकीचे म्हणाले आधी चर्चा करू. हे म्हणाले आधी फुंकू, मग चर्चा. फुंकून झाल्यावर चर्चेला बसले तर म्हणाले, शिंग यावनेत ऐकू गेलंय, झाल्या गोष्टीवर आता वाद नको! पण हेही टिकलं नाही हं, आज परंपरा पाळणारे ज्यू शब्बाथला शोफार फुंकत नाहीत, म्हणजे बदल एकाच दिशेने जातो असंही नाही.

शिवाय सगळीकडे सारखंही नाही. साधारण १००० साली जर्मनीत रब्बी गेर्शोम यांच्या नावाने दुसऱ्या बायकोवर बंदी आली ती जर्मनी-फ्रान्सकडच्या अश्केनाझी ज्यूंनी पाळली, येमेनच्या ज्यूंना मात्र ती लागू नव्हती.

आता मलिदा. पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताची आठवण, ताट अगदी कोकणातलं. पण त्यावरचे आशीर्वाद हिब्रूतले, आणि तिथे शास्त्र बारकाईने लागतं. खजूर झाडाचं फळ म्हणून त्याचा आशीर्वाद वेगळा, आणि केळं शास्त्राने जमिनीचं फळ, कारण घड आला की ते खोड मरतं, झाडासारखं वर्षानुवर्षं फळत नाही, म्हणून त्याचा वेगळा. त्यामुळे मलिदा शास्त्रात नक्की बसतो, आणि इस्राएलला गेलेली आपली माणसं तिथेही तो करतात.