पोट भरेल, वजनही उतरेल: कोकणच्या ताटाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे. खाणे कमी केले की वजन थोडे उतरते, पण भूक सोसवत नाही आणि महिन्याभरात गाडी मूळ पदावर येते. निवडक पत्रांना उत्तरे देत आहोत. कॅलरींचे आकडे ढोबळ आहेत. मासा किती तेलकट, नारळ किती जून, यावर ते थोडे पुढेमागे होतात.

प्रश्न: वय ४६, वजन ७१ किलो, बैठे काम. दीड महिना भात पूर्ण बंद केला आहे. सकाळी चहा आणि दोन खारी, दुपारी डब्यात दोन चपात्या, थोडी सुकी भाजी, काकडी. संध्याकाळी पाचनंतर मात्र दम निघत नाही, घरी पोचेपर्यंत वडापाव नाहीतर फरसाण होतेच. मनावर ताबा कसा ठेवायचा? (वाचिका, रत्नागिरी)

उत्तर: मनाला दोष देऊ नका, दोष डब्याचा आहे. दोन चपात्यांत साधारण ६० ग्रॅम कणीक, म्हणजे दोनशे कॅलरी. तेल आणि भाजी धरून डबा तीनशेवर थांबतो. त्यात प्रथिने जेमतेम ९-१० ग्रॅम, आणि काकडीसकट डब्यातल्या अन्नाचे वजन पाव किलोच्या आसपास. पोट भरल्याची जाणीव आधी जठर ताणले गेल्याने होते, आणि तो ताण अन्नाच्या वजनाने व आकाराने येतो. ती जाणीव पुढे तीन-चार तास टिकवण्याचे काम प्रथिने आणि तंतू करतात. तुमच्या डब्यात दोन्ही बाजू लंगड्या आहेत. सकाळच्या खारीत तर मैदा आणि तूप-डालडा यांखेरीज काही नाही.

भात सोडून चपाती धरण्यानेही फार काही साधत नाही. १०० ग्रॅम तांदळाचा शिजून पावणेतीनशे ग्रॅम भात होतो, म्हणून १०० ग्रॅम भातात १३० कॅलरी असतात, तर तेवढ्याच वजनाच्या चपातीत तीनशेच्या घरात. भाताची अडचण वेगळी आहे. पातळ कढीबरोबर तो भराभर पोटात जातो आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलेला कोणी मोजत नाही. तो वाटीने वाढा, डावाने नको.

असा डबा करून पाहा: एक सपाट वाटी, म्हणजे सुमारे १२० ग्रॅम भात, ४० ग्रॅम कोरड्या चवळीची किंवा मुगाची दाटसर उसळ, २०० ग्रॅम दुधी, पडवळ किंवा तोंडली एक चमचा तेलात, एक उकडलेले अंडे आणि पेलाभर पातळ ताक. हे सगळे मिळून ५२५ कॅलरींच्या आसपास जाते, पण अन्नाचे वजन पाऊण किलोपर्यंत आणि प्रथिने २० ग्रॅमच्या वर. म्हणजे जुन्या डब्यापेक्षा सव्वादोनशे कॅलरी जास्त. मात्र ५० ग्रॅम फरसाणात पावणेतीनशे कॅलरी असतात आणि वडापाव त्याहून कमी नाही, तेव्हा हिशेब तुमच्याच बाजूने राहतो. अंडे चालत नसेल तर पाच वाजता ३० ग्रॅम फुटाणे खा. एक मूठ, ११० कॅलरी.

सकाळची खारी बंद करून दोन अंडी आणि अर्धी नाचणीची भाकरी, किंवा मुगाचे दोन घावन घ्या. एवढा एकच बदल करायची तयारी असेल तर आमच्या मते तो सकाळचा करावा.

प्रश्न: नारळाशिवाय आमचे कालवण होत नाही. डॉक्टर सांगतात खोबरे बंद करा. घरात चार माणसे, रोज एक नारळ लागतो. (वाचिका, मालवण)

उत्तर: बंद करण्याची गरज नाही, पण एक नारळ जास्त होतो हे खरे. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे ते चारशे कॅलरी असतात आणि त्यातल्या बहुतेक स्निग्धांशाच्या. सुक्या खोबऱ्यात साडेसहाशेच्या आसपास. मध्यम नारळाचा २००-२५० ग्रॅम चव (खोवलेले खोबरे) निघतो असे धरले तर माणशी रोज दोनशे कॅलरी नुसत्या नारळाच्या, तेल वेगळे.

हा नारळ जातो कुठे ते आधी बघा. भाजीवर भुरभुरवलेला चमचाभर चव वीस कॅलरींचासुद्धा नसतो. त्याला हात लावू नका, त्याच्यामुळे पालेभाजी जास्त खाल्ली जाते. खरा खर्च वाटपात, सकाळच्या घावनाबरोबरच्या चटणीत आणि सोलकढीत होतो. नियम सोपा ठेवा: दिवसातून एकच नारळाचा पदार्थ. दुपारी वाटपाचे कालवण असेल तर त्या दिवशी सोलकढी नाही आणि चटणी लसणीची किंवा कैरीची.

चौघांच्या कालवणाला अर्धा नारळ लागत असेल तर तो ४० ग्रॅमवर, म्हणजे अर्ध्या वाटीवर आणता येतो. एक मोठा कांदा सालासकट आचेवर काळपट होईपर्यंत भाजून सोला. तो, खोबरे, दोन चमचे धणे, भिजवलेल्या मिरच्या आणि चमचाभर भाजकी डाळ एकत्र वाटा. पाणी अगदी थोडे घालून नेहमीपेक्षा दुप्पट वेळ वाटायचे. इथेच बहुतेकांचे चुकते: खोबरे कमी केले की वाटप भरड राहते, रस्सा चोथापाणी होतो आणि मग घरचे म्हणतात, जुनेच बरे होते. दुसरी चूक आंबटपणाची. नारळाचा गोडवा कमी झाल्यावर पाच आमसुले बोचतात, तीनच टाका. तिरफळे नेहमीइतकीच राहू द्या.

सोलकढीऐवजी कोकमाचे सार करा. सहा-सात आमसुले दोन पेले गरम पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करायची, त्यात ठेचलेली मिरची, जिरे, कोथिंबीर, मीठ आणि पाव चमचा तुपाची फोडणी. पेल्याला वीस कॅलरी पुरतात. कोकम सरबताला मात्र सार समजू नका, त्याच्या एका पेल्यात वीसेक ग्रॅम साखर सहज असते. बाटलीतल्या आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ भरपूर असते, रक्तदाब असलेल्यांनी आमसुलेच वापरावीत.

प्रश्न: मासे खाऊन वजन वाढते का? आमच्याकडे रोज तळलेली तुकडी असते. (वाचक, देवगड)

उत्तर: माशाने नाही, रव्याने आणि तेलाने. पोट भरण्याच्या बाबतीत मासा फार वरचा आहे. १९९५ साली सिडनी विद्यापीठात ३८ पदार्थांची तुलना झाली होती. प्रत्येक पदार्थ २४० कॅलरींइतका देऊन पुढचे दोन तास भूक किती दबते ते मोजले. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तर माशाला २२५ मिळाले, अंड्याला १५०, भाताला १३८. प्रयोग लहान होता आणि सुटे पदार्थ देऊन केला होता, म्हणून या आकड्यांना वेदवाक्य मानू नये. पण स्वयंपाकघरातला अनुभव त्याच्याशी जुळतो. शिवाय काट्याचा मासा हळू खावा लागतो हा आणखी एक फायदा. पेडवे, मुडदुशे, तारली खाताना जेवण पंधरा-वीस मिनिटे चालते आणि तेवढ्यात पोटाचा निरोप मेंदूला पोचलेला असतो.

मध्यम बांगड्याचे खाण्याजोगे मांस ८०-९० ग्रॅम, कॅलरी शंभरच्या आसपास, प्रथिने १७-१८ ग्रॅम. तोच रव्यात घोळून तेलात सोडला की दोन चमचे तेल सहज पितो, म्हणजे ९० कॅलरी आणखी, रवा वेगळा.

कमी तेलात करायचा तर मासा चिरा देऊन मीठ, हळद, तिखट, लसूण आणि आगळ लावून वीस मिनिटे ठेवा. मग फडक्याने टिपून कोरडा करा. ओला मासा तव्याला चिकटतो आणि माणूस घाबरून तेल ओतत जातो. तांदळाचे पीठ चिमटीने भुरभुरवायचे, घोळवायचे नाही. लोखंडी तवा चांगला तापला की दोन माशांना एक चमचा तेल, आणि चार मिनिटे त्याला हात लावायचा नाही. कड तव्यापासून सुटली की मगच उलटा. हळदीच्या पानात गुंडाळून झाकणाखाली दोन्ही बाजूंनी सहा-सात मिनिटे भाजला तर तेवढेही तेल लागत नाही. बांगड्याचे तिखले, म्हणजे दाट तिखट कालवण, नारळाशिवायही उत्तम होते.

जून-जुलैत यांत्रिक होड्या बंद असतात तेव्हा सोडे (सुकवलेली कोळंबी) आणि सुकट (सुकवलेला जवळा) कामी येतात. २५ ग्रॅम सुकटीत पंधराएक ग्रॅम प्रथिने मिळतात. कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून ते पाणी टाका, आणि असे दोनदा करा. तरीही मीठ बरेच राहते. रक्तदाबवाल्यांनी आठवड्यातून एखाद्या वेळीच खावी.

प्रश्न: बटाटा वजन वाढवतो ना? (वाचक, चिपळूण)

उत्तर: वर सांगितलेल्या सिडनीच्या यादीत उकडलेला बटाटा पहिला आला होता, ३२३ गुणांनी. उकडलेल्या बटाट्याच्या १०० ग्रॅममध्ये ८७ कॅलरी असतात, वेफर्सच्या १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या आसपास. भात किंवा भाकरीच्या जागी दोन मध्यम बटाटे खा, जोडीला नको. मधुमेह असेल तर एकच.

प्रश्न: सकाळी नाचणीचे आंबील घेतो, कधी उकड्या तांदळाची पेज. पोट तट्ट भरते, पण दोन तासांत पुन्हा भूक. (वाचक, गुहागर)

उत्तर: आंबिलात नाचणीचे पीठ पडते ३० ग्रॅम. ताक धरून १३० कॅलरी, प्रथिने ४-५ ग्रॅम. एवढ्यावर दोन तास निघाले हेच पुष्कळ. नाचणी पौष्टिक आहे, चुना (कॅल्शियम) भरपूर आहे, पण बारीक दळून पातळ केलेले काहीही जठरातून लवकर पुढे सरकते.

पेजेचे खरे काम जेवणाच्या सुरुवातीला आहे. पाणी अन्नातच शिजून आलेले असले की ते नुसत्या पेलाभर पाण्यापेक्षा जास्त वेळ जठरात राहते, आणि पुढचे जेवण आपोआप कमी होते. वाटीभर पेज शितासकट घ्या, गाळू नका, आणि मग जेवायला बसा. न्याहारी म्हणूनच हवी असेल तर सोबत वाटीभर उसळ किंवा दोन अंडी हवीत. लोणचे आणि भाजलेला पापड ही सोबत नव्हे. नाचणीची ५० ग्रॅम पिठाची भाकरी चावून खावी लागते, ती आंबिलापेक्षा कितीतरी जास्त टिकते.

प्रश्न: श्रावणात आम्ही मासे खात नाही. कुळथाने पोट भरते, पण गॅस होतो. उपवासाला साबुदाणा चालेल का? (वाचिका, वेंगुर्ले)

उत्तर: कुळथात १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, श्रावणात माशाची जागा घ्यायला तोच योग्य. गॅसचे कारण बहुधा एकदम वाढवलेले प्रमाण. पहिला आठवडा अर्धी वाटी, मग पाऊण, मग एक. दहा-बारा तास भिजवा, ते पाणी टाका, आणि मोड आणून शिजवा. पावसाळ्यात मोडांना बुळबुळीतपणा आणि वास येतो. दर सहा तासांनी धुऊन फडके बदलले तर येत नाही. कुकरला पाच-सहा शिट्ट्या हव्यात, कच्चट राहिलेला कुळीथच जास्त त्रास देतो. फोडणीत हिंग आणि लसूण, श्रावणात लसूण नको असेल तर ओवा.

कुळथाची पिठी (पिठाचे पिठले) करताना माणशी तीन मोठे चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. त्यात ६ ग्रॅम प्रथिने येतात. पिठी-भातावर वाटीभर टाकळा किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी घेतली की जेवण पुरे. काळ्या वाटाण्याची उसळ आलटून पालटून करावी.

साबुदाणा नुसता स्टार्च आहे. खिचडीच्या एका बशीत दाण्याचे कूट आणि तूप धरून पाचशे कॅलरी होतात आणि प्रथिने येतात ती फक्त कुटातून. वरीचे तांदूळ, ताकातली दुधी, एक उकडलेले रताळे आणि वाटीभर दही यांवर उपवास हलका जातो.

प्रश्न: हापूस आणि काजूचे काय? (वाचक, राजापूर)

उत्तर: मध्यम हापूसच्या गरात ९०-१०० कॅलरी. एक आंबा कापून खा आणि त्या जेवणातला भात अर्धा करा. आमरस-पुरी हा वेगळा विषय, तो सणापुरता. काजू मात्र मोजून घ्या: दहा गर म्हणजे ८५-९० कॅलरी, आणि गप्पा मारता मारता तीस होतात. त्यापेक्षा कच्च्या फणसाची भाजी खा, बशीभर खाऊनही अंगाशी येत नाही, नारळ तेवढा चमच्याने घाला.

प्रश्न: सासरे ६२ वर्षांचे, मधुमेहाच्या गोळ्या चालू, दिवसभर माडा-पोफळीच्या बागेत काम. वजन उतरवायचे म्हणून रात्रीचे जेवण सोडले आहे. पहाटे घाम येऊन जाग येते. (वाचिका, श्रीवर्धन)

उत्तर: हे आजच थांबवा. काही गोळ्या आणि इन्सुलिन जेवण धरूनच ठरवलेले असते. जेवण गेले आणि गोळी तशीच राहिली की साखर फार खाली जाते, पहाटेचा घाम हे त्याचे लक्षण असू शकते. पुन्हा तसे झाले तर लगेच साखर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र हाताशी नसेल, तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि नंतर थोडा भात किंवा भाकरी खाऊ घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

डॉक्टरांकडे गोळ्यांची चिठ्ठी घेऊन जा आणि जेवणाचे प्रमाण बदलण्याआधी डोस ठरवून घ्या. तोवर रात्री आठच्या आत एक भाकरी, वाटीभर उसळ किंवा भाजलेला मासा आणि भरपूर भाजी असे रोज ठरल्या वेळी द्या. कष्टाचे काम असताना भाकरी अर्धी करू नका, तेल-नारळच कमी करा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळी, मासे आणि शहाळे किती घ्यायचे हेही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे लागेल.