कुकरच्या शिट्टीची धास्ती

"मॅडम, कुकरची शिट्टी झाली की छातीत धस्स होतं. वेड लागतंय का मला?" नवरात्रातल्या लाउडस्पीकरपासून उत्तरायणात (संक्रांतीला) पतंग उडवताना गाणी वाजणाऱ्या गच्च्यांपर्यंत, बडोद्यात माझ्याकडे उपचाराला येणारे हा प्रश्न हमखास विचारतात. दांडिया बाजारातल्या एका ताईंचं सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सासऱ्यांचं वर्षभराचं दुखणं काढल्यावर त्यांना मिक्सर, बेल, काहीच सोसेना. दिवसभर कानात कापूस. कानाची तपासणी नॉर्मल होती. (एका कानात गुणगुण, अचानक कमी ऐकू येणं किंवा गरगरणं असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांकडेच जा.) मन शांत करतो म्हणतात तो '४३२ हर्ट्झ'चा सूर हेडफोन लावून ऐकला, तर धडधड वाढली. त्या आकड्यात जादू नाही.

आधी कापूस काढायला लावला. कान सतत झाकले की मेंदू ऐकणं आणखी तीक्ष्ण करतो. मग चमचा पडला तरी दचकायला होतं.

मग गुंजन: ४ आकडे नाकाने श्वास, ८ आकडे खालच्या पट्टीत 'म्'. ओठ मिटलेले, दात किंचित सुटे, कान उघडेच. सहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. उच्छ्वास लांबला की मेंदूतून हृदयाकडे जाणारी व्हेगस नस हृदयाचे ठोके मंदावते. सुरुवातीला माझी भिस्त तिच्यावर. ताईंना चक्कर आली, कारण छाती फुगवून श्वास घेत होत्या. नेहमीइतकाच घ्यायचा. ८ जमेना तर ६.

चौथ्या भेटीत म्हणाल्या, "काल मिक्सरच्या सुरात मीही गुणगुणले. त्रासच झाला नाही!"

"मिक्सर कुणी लावला होता?"

"मीच."

"आणि सासूबाई लावतात तेव्हा?"

बराच वेळ गप्प. "तेव्हा कधी सुरू होईल ते कळत नाही. मामंजींच्या उशाशी घंटी असायची ना, ती वाजली की धावायचं. रात्री दोनलासुद्धा."

घंटी गेली होती, शरीर अजून धावत होतं. आवाज किती मोठा, यापेक्षा तो कुणाच्या हातात, हे महत्त्वाचं. हे मी आधीच ताडलं होतं. पण ते त्यांच्या तोंडून येणं वेगळं.

मग घरच्याच कुकरची शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड केली. फोन पाच फुटांवर, आवाज बोलण्याहून हळू, थांबवायचं बटण ताईंच्या बोटाखाली. रोज ५ मिनिटं. तीन दिवस निवांत गेले तरच आवाज एक घर वर. दचकलं की एक घर खाली. घाई इथेच नडते. सासूबाईंनी मिक्सरआधी "लावते गं" म्हणायचं.

दोन महिन्यांनी कापसाची डबी देवघरात गेली होती, वातींसाठी.