सिंहस्थातील सेवेकऱ्यांच्या ओळखपत्रांची नक्कल होऊ नये यासाठी ती कशी बनवावीत? होलोग्राम पुरेसा आहे का?

आपला प्रश्न मी असा समजतो: येत्या सिंहस्थात तपोवनाजवळ आपल्या संस्थेचे अन्नछत्र असेल, सुमारे दोन हजार सेवेकरी कोठारात आणि स्वयंपाकघरात ये-जा करतील, आणि होलोग्राम लावलेले पीव्हीसी कार्ड दिले तर बनावट कार्डांना आळा बसेल का, हे आपल्याला हवे आहे. माझ्या मते होलोग्रामवरचा खर्च सर्वांत शेवटी, पैसे उरले तरच करावा. मी नाशिकमध्ये ओळखपत्रे छापून देतो, त्यामुळे हा सल्ला माझ्याच धंद्याच्या थोडा विरोधात जातो, पण बाजारात गठ्ठ्याने मिळणारे चकचकीत तयार होलोग्राम बनावट कार्ड करणाराही त्याच दुकानातून आणू शकतो. संस्थेच्या बोधचिन्हाचा स्वतंत्र होलोग्राम करून घ्यायचा तर त्याचा मूळ साचा बनवण्याचा खर्च आपल्या कामाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

कार्ड तपासणारा माणूस कोण आहे, हे आधी ठरवावे. या क्षेत्रात तपासणीच्या तीन पायऱ्या मानतात: नुसत्या डोळ्यांनी वा बोटांनी होणारी, भिंग किंवा यूव्ही (अतिनील) दिव्यासारख्या साध्या साधनाने होणारी, आणि प्रयोगशाळेत होणारी. तिसऱ्या पायरीचा आपल्याला काही उपयोग नाही. पर्वणीच्या दिवशी आपल्या फाटकावर एखादा महाविद्यालयीन मुलगा उभा असेल आणि त्याला प्रत्येक कार्डासाठी दोन-तीन सेकंद मिळतील. म्हणून छायाचित्र कार्डाच्या निम्म्या उंचीचे असावे, आणि नाव, कामाचे ठिकाण व मुदतीची तारीख हातभर अंतरावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत असावी. संस्थेचे बोधचिन्ह लहान केले तरी चालते. नेमके तेच मोठे करण्याचा आग्रह बहुतेक पदाधिकारी धरतात.

खाडाखोड होते ती मुख्यतः छायाचित्रावर. पांढऱ्या पार्श्वभूमीचे, चारही बाजूंनी ठळक चौकट असलेले छायाचित्र बदलणे सर्वांत सोपे, कारण नव्या चित्राची कड त्या चौकटीत लपते. त्याऐवजी पार्श्वभूमीची बारीक रेषांची नक्षी छायाचित्राच्या कडांमध्ये शिरू द्यावी, आणि दुसऱ्या कोपऱ्यात तेच छायाचित्र लहान व फिकट स्वरूपात पुन्हा छापावे. ही नक्षी कार्ड प्रिंटरवर न काढता आधी ऑफसेटवर, म्हणजे प्लेटवरून छापणाऱ्या यंत्रावर, एका खास मिसळलेल्या रंगाच्या शाईने छापून घ्यावी. अशी रेषा दहापट भिंगाखाली सलग दिसते. तीच स्कॅन करून साध्या प्रिंटरवर काढली की ती चार रंगांच्या ठिपक्यांत फुटते. सूक्ष्म अक्षरांचेही तसेच आहे. नेहमीचा कार्ड प्रिंटर ३०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचा असतो, त्यामुळे त्याचा एक ठिपका सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा, पाव मिलिमीटर उंचीच्या अक्षराला त्याच्याकडे जेमतेम तीन ठिपके उरतात आणि अक्षराचा नुसता डाग होतो. यूव्ही दिव्याखालीच चमकणारी शाई घ्यायची असेल, तर कच्चे पीव्हीसी यूव्हीखाली न चमकणारे मागावे. बाजारातील पांढरेशुभ्र पीव्हीसी बहुधा स्वतःच निळसर उजळते आणि त्यावर ही शाई उठून दिसत नाही.

क्यूआर कोड अवश्य घालावा, मात्र त्यात संकेतस्थळाचा नुसता दुवा नसावा. एक तर पर्वणीला रामकुंडापासून तपोवनापर्यंत मोबाइलचे जाळे तुंबणार असे गृहीत धरूनच योजना करावी. आणि दुसरे म्हणजे ‘हा सेवेकरी अधिकृत आहे’ असे सांगणारे बनावट संकेतस्थळ उभे करणे कार्ड छापण्यापेक्षा सोपे आहे. कोडमध्ये क्रमांक, नाव, कामाचे ठिकाण, मुदत आणि या साऱ्यावरची डिजिटल स्वाक्षरी, म्हणजे फक्त संस्थेकडच्या गुप्त किल्लीनेच तयार होणारी पण फाटकावरच्या फोनला तपासता येणारी खूण असावी. आधारच्या क्यूआरमध्ये हेच तत्त्व आहे, त्यामुळे तो इंटरनेटशिवायही पडताळता येतो. स्वाक्षरीसाठी ईडी२५५१९ ही पद्धत निवडल्यास तिला ६४ बाइट लागतात, तर आरएसए या दुसऱ्या प्रचलित पद्धतीच्या २०४८ बिटांच्या स्वाक्षरीला २५६. बाइट कमी तर कोड विरळ, आणि कोड जितका विरळ, तितका तो घामाने मळलेल्या कार्डावरूनही लवकर वाचला जातो. स्वाक्षरी करणारी गुप्त किल्ली संस्थेच्या एकाच, इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर ठेवावी. ती छापणाऱ्याला, म्हणजे माझ्यासारख्यालाही, देऊ नये.

तरीही अस्सल कोडची झेरॉक्स अस्सलच वाचली जाते. म्हणून फाटकावरच्या फोनमध्ये सर्व सेवेकऱ्यांची लहान छायाचित्रे आधीच भरून ठेवावीत. प्रत्येकी ५ केबी धरली तरी दोन हजारांची मिळून १० एमबीच होतात. कोड वाचताच पडद्यावर चेहरा येईल आणि कार्डावरचे छायाचित्र बदललेले असल्यास तेथेच उघड होईल. हरवलेल्या कार्डांची यादी रोज रात्री त्याच फोनमध्ये भरावी. आधार क्रमांक कार्डावरही छापू नये आणि कोडमध्येही घालू नये.

चिपच्या कार्डाची गरज मला दिसत नाही. १२५ किलोहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालणारी साधी कार्डे फक्त क्रमांक सांगतात आणि त्यांची प्रत सहज निघते. मायफेअर क्लासिक या प्रचलित चिप-कार्डाची गुप्तलिपी तर २००८ मध्येच फुटली. पॉलिकार्बोनेट या टणक प्लास्टिकचे थर उष्णतेने व दाबाने एकजीव होतात आणि लेझरने मजकूर आतल्या थरात उमटतो, म्हणून दीर्घकाळ टिकायच्या सरकारी ओळखपत्रांना तो योग्य; काही महिन्यांच्या सेवेला तो खर्च अनाठायी आहे.

सगळ्यात अवघड बनावट कार्ड म्हणजे चुकीच्या माणसाला दिलेले खरे कार्ड, कारण ते वरच्या प्रत्येक कसोटीला उतरते. त्यामुळे कार्ड सेवेकऱ्याच्या हातीच, चेहरा पाहून व सही घेऊन द्यावे. गटप्रमुखाकडे गठ्ठा सोपवू नये. ऑफसेटवर छापलेल्या कोऱ्या कार्डांवर मागील बाजूस अनुक्रमांक घालून घ्यावेत आणि बिघडलेली कार्डेसुद्धा मोजून परत घ्यावीत. नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात मोडीत निघालेली यंत्रे बनावट मुद्रांक घोटाळ्यातील तेलगीच्या हाती कशी लागली, हे आपल्या शहराला वेगळे सांगायला नको. छपाईच्या करारात प्लेट, उरलेले ताव आणि छायाचित्रांच्या फाइली संस्थेच्या प्रतिनिधीसमोर नष्ट करण्याची अट लेखी घालावी, आणि शेवटचे बिल ती पूर्ण झाल्यावरच चुकते करावे.