रेडिएशन सुरू होतंय? मग ब्लाऊज आधी बदला

ताई, स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन (किरणोपचार) घेताना पहिले दोन आठवडे त्वचेवर सहसा काही दिसत नाही, म्हणून गाफील राहू नका. लाली, खाज, काळेपणा सहसा त्यानंतर येतो आणि उपचार संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे वाढू शकतो. शेवटच्या सिटिंगनंतर डॉक्टरांनी सांगितलेलं क्रीम लगेच बंद करू नका.

सगळ्यात जास्त त्रास काखेत आणि स्तनाखालच्या घडीत होतो, कारण तिथे घाम साचतो. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका! फिटिंगचे ब्लाऊज आणि तारेची ब्रा कपाटात ठेवा. सीताबर्डीवरून मऊ सुती, सैल कुर्ते आणा. पर्सचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घ्या. स्कूटीवर जाताना गळा सुती ओढणीने झाका, तिथेही रेडिएशनची किरणं पडलेली असू शकतात.

आंघोळ कोमट पाण्याने, सौम्य साबण हातानेच लावायचा. टॉवेल घासायचा नाही, हलकेच टिपायचा. किरणं कुठे द्यायची ते कळावं म्हणून त्वचेवर केलेल्या आखणीच्या खुणा पुसू नका. बिनवासाचं मॉइश्चरायझर कोणतं, ते डॉक्टरांनाच विचारा. खाजेसाठी ते स्टेरॉइडचं मलमही देतात. हळद, बेसन, बर्फ, शेकायची पिशवी, काही नको. सासूबाई आग्रह करतील, गोड बोलून टाळा.

कातडी सोलून ओलसर झाली, पू किंवा ताप आला, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी रेडिएशनच्या सिस्टरला दाखवा. मनानेच सिटिंग मात्र चुकवू नका.